‘कँडिड’ मराठीत आणताना

भाषांतराची नुकतीच सुरुवात करणाऱ्या तुम्हाला माझा आग्रहाचा सल्ला असा, की ‘कँडिड’ या इंग्रजी विशेषणासाठी सरसकट ‘स्पष्ट’ लिहू नये. पुण्यातल्या लग्नांत ‘कँडिड फोटो’ म्हणजे नकळत टिपलेला, हे सर्वांना ठाऊक असते. माणसाच्या बोलण्याविषयी हा शब्द येतो तेव्हा मात्र त्यात निष्कपटपणा अभिप्रेत असतो, म्हणून मला ‘परखड’पेक्षा ‘प्रांजळ’ अधिक जवळचा वाटतो. मूळ लॅटिन ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र, तेजस्वी. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने पांढरे केलेले टोगा हे वस्त्र नेसत, त्यावरून ‘कँडिडेट’ आला. मेणबत्तीची ‘कँडल’ही त्याच कुळातली. आपली ‘प्रांजळ कबुली’ इथे किती नेमकी बसते, ते पाहावे.