जुलाब होत असताना काय खावं-प्यावं?

कालपासून जुलाब चालू आहेत आणि आई म्हणते पोट रिकामं ठेव, असं तुम्ही लिहिलंय. आईंचा मान राखून सांगतो, लंघन करू नका. जुलाबात माणूस गळून जातो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. उपासाने ते कसं भरून येणार?

मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणा. एक लिटरची असेल तर पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घाला. चिमूटभर पावडर ग्लासात टाकून ढवळणारे पुष्कळ असतात, त्याचा काही उपयोग होत नाही. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन शोषली जाते आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं, म्हणून सगळी मदार प्रमाणावर. साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक, डब्यातले ज्यूस नकोत ते यासाठीच. पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट-घोट घ्या.

हे किरकोळ वाटत असेल तर 1971 आठवा. पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी ड्रम भरून ठेवलं आणि नातेवाइकांना पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

खायला मऊ भात आणि मेतकूट, मुगाची पातळ खिचडी, पेज, केळं. तूप सध्या नावापुरतं. दूध नको, पण ताजं ताक चालतं. तिखट, तळलेलं आणि चहा दोन दिवस बाजूला ठेवा (चहाचं अवघड आहे, मान्य).

जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका, ताप असेल तर मुळीच नाही. शौचातून रक्त पडलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पाणीही पोटात टिकेना किंवा गुंगी यायला लागली, तर लगेच दवाखाना गाठा. घरात तान्हं बाळ असेल आणि त्यालाही लागण झाली, तर अंगावरचं दूध चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.