वाचकांचे प्रश्न : बंदरावरची चिरीमिरी आणि ब्लॉकचेन

प्रश्न : मी नागपुरातील एका तांदूळ निर्यातदाराकडे हिशेब पाहतो. आमचा माल येथील कंटेनर डेपोतून रेल्वेने न्हावा शेवाला जातो आणि तेथून जहाजावर चढतो. एजंटाच्या बिलात दर वेळी ‘किरकोळ खर्च, पावती नाही’ अशी एक ओळ असते. ती कशाची, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणी विचारत नाही. ब्लॉकचेन आली की जहाज वाहतुकीतील हे प्रकार थांबतील, असे नुकतेच एका व्याख्यानात ऐकले. ते कितपत खरे आहे, आणि तोवर आम्ही काय करावे?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : व्याख्यानात सांगितले गेले ते निम्मे खरे आहे. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामाईक नोंदवही. तिच्यातील नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा गुंफलेला असतो, त्यामुळे मागची एखादी नोंद गुपचूप बदलली तर पुढची साखळी जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. एकाच बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती आणि मालावरचा हक्क दाखवणाऱ्या कागदावर, दोन बँकांकडून पैसे उचलणे किंवा मागची तारीख घालून कागद तयार करणे, असे प्रकार त्यामुळे निश्चितच अवघड होतात. ब्रिटनने २०२३ मध्ये कायदा करून अशा कागदाच्या इलेक्ट्रॉनिक रूपाला छापील कागदाचाच दर्जा दिला आहे.

आपल्या बिलातील ओळ मात्र या प्रकारात बसत नाही, कारण चिरीमिरी नोंद होण्यापूर्वीच घेतली जाते. अर्जेंटिनाच्या बंदरांत धान्य भरण्यापूर्वी जहाजाची कोठारे स्वच्छ आहेत की नाहीत, हे निरीक्षक ठरवीत असत. गंजाचा एखादा पापुद्रा किंवा आधीच्या मालाचे चार दाणे दाखवून कोठार नापास केले की जहाज अडकून पडे, आणि खोळंब्याचा खर्च मागणीपेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे कप्तान निमूटपणे पैसे देई. ही तपासणी ब्लॉकचेनवर नोंदवली असती, तर ‘कोठार नापास’ हा खोटा शेराच कायमचा अढळ झाला असता. तेथे फरक पडला तो नियमांमुळे. जहाज कंपन्यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या मेरीटाइम अँटी-करप्शन नेटवर्क या संस्थेने नाव न सांगता आलेल्या तक्रारी एकत्र केल्या आणि २०१७ मध्ये तेथील सरकारने तपासणीची पद्धतच बदलली. निरीक्षकाच्या मर्जीला आवर घातला गेला, त्याच्या निर्णयाची पडताळणी आली आणि वाद झाल्यास वर दाद मागण्याची सोय झाली.

ट्रेडलेन्सचा अनुभवही लक्षात घ्यावा. मर्स्क ही बडी जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी २०१८ मध्ये मोठ्या गाजावाजाने आणलेला, जहाजी मालाच्या नोंदींचा ब्लॉकचेनवरील हा मंच बंद करत असल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. जगभरातील संपूर्ण व्यवसायाचे आवश्यक ते सहकार्य मिळाले नाही, असे कारण देण्यात आले. त्यात नवल नाही. समोरच्या दुकानदाराने मांडलेल्या वहीत आपली गिऱ्हाइके लिहून ठेवायला कोणता व्यापारी राजी होईल?

माझ्या मते खरा उपयोग आहे तो वेळेच्या नोंदीचा, म्हणजे कागद कोणाच्या टेबलावर किती तास पडून होता, हे सर्वांना दिसण्याचा. आणि त्यासाठी ब्लॉकचेनच हवी असे नाही. जहाजांची कागदपत्रे एकाच इलेक्ट्रॉनिक खिडकीतून घेणे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक केले आहे. आपल्या सीमाशुल्क विभागाने २०२० पासून आयातीच्या कागदपत्रांची छाननी दुसऱ्या शहरातील अधिकाऱ्याकडे सोपवण्याची पद्धत आणली, म्हणजे कागद कोणाकडे जाणार हे एजंटालाच ठाऊक नसते. अर्थात, कंटेनर प्रत्यक्ष उघडून पाहणारा माणूस समोरच असतो.

आता आपल्यापुरते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच संरक्षण मिळते. एजंटामार्फत दिले म्हणून मालक आपोआप सुटत नाही. तेव्हा रक्कम कोणत्या कामाची, कोठे आणि कोणत्या तारखेला दिली, याचा तपशील एजंटाकडून लेखी मागावा, आणि तो न मिळाल्यास ती ओळ मंजूर करण्याची सही आपण करू नये.