वर्गात सगळं समजतं, पण आठवड्याने मुलांना काहीच का आठवत नाही?

तुम्ही लिहिलंय की शिकवताना मुलं माना डोलावतात, उत्तरंही देतात, आठवड्याने मात्र पाटी कोरी. मी गणित शिकवते. माझ्या मते शिकवण्याला हात लावण्याआधी उजळणीची पद्धत बदला.

उजळणी म्हणजे आपण तेच पुन्हा सांगतो. मुलांना ते ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असंही वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चारही सत्रांत नुसता वाचला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने ते ४० वर आले, लिहिणारे ६१ वर होते. आपली चाचणी पाठ संपल्यासंपल्या झाली, तर आपण फसणारच!

म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद. एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. उत्तर प्रत्येकाने लिहायचं. हात वर करायला सांगितलं की एकच मूल उत्तर आठवून सांगतं, बाकीचे त्याची वाट बघतात. लगेच बरोबर उत्तर सांगायचं, नाहीतर चुकीचंच डोक्यात बसतं. गुण अजिबात द्यायचे नाहीत.

गणितात आणखी एक करा: सराव मिसळून द्या. रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हे तपासलं. एका प्रकारची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के जमलं, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत २० विरुद्ध ६३! सलग सरावात कुठलं सूत्र लावायचं हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं.

अगदी नव्या घटकाला मात्र हे लगेच लावू नका. आधी सोडवलेली उदाहरणं नीट दाखवा. डोक्यात गेलंच नसेल तर आठवणार काय? आणि कोण बघून शिकतो, कोण ऐकून, अशी मुलांची विभागणी करत बसू नका. तशा शिकवण्याचा फायदा दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

पालकांना आधीच सांगून ठेवा की सुरुवातीला वहीत चुका जास्त दिसतील. माझ्याकडे पहिली तक्रार त्याचीच येते.