मूकपटांतली माणसं नुसती पडत-आपटत असतात, त्यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे?

चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन या मूकपटांतल्या विनोदवीरांच्या छोट्या फिल्म्स बघायला सुरुवात कुठून करावी, असंही तुम्ही विचारलंय. तेही सांगतो. पण आधी 'नुसती पडत-आपटत'कडे वळू द्या, कारण नेमकं हेच मला आमच्या दाजींनी भर तालमीत, सगळ्या ग्रुपसमोर ऐकवलं होतं.

आमच्या बँकेत नाटकाचा ग्रुप होता आणि एकांकिका दाजी बसवायचे. मला काम होतं रात्री उशिरा पिऊन घरी येणाऱ्या कारकुनाचं. एन्ट्रीलाच पानभर स्वगत: नशीब, बायको, साहेब, महागाई. त्याच सुमारास माझ्या बघण्यात चॅप्लिनची 1916 ची 'वन ए. एम.' आली. सुरुवातीचा टॅक्सीवाला सोडला तर अख्ख्या फिल्ममध्ये चॅप्लिन एकटा. झिंगून घरी येतो, किल्ली सापडत नाही म्हणून खिडकीतून आत शिरतो, आत गेल्यावर किल्ली सापडते. आता झोपावं की नाही? नाही. गडी पुन्हा खिडकीतून बाहेर जातो आणि किल्लीने दार उघडून रीतसर घरात येतो. मग जिना. चढतो आणि घसरतो. वर पोचला तर घड्याळाचा भलामोठा लंबक त्याला उडवून खाली धाडतो. शेवटी गिर्यारोहणाचं सामान अंगावर चढवून स्वतःच्याच जिन्याच्या मोहिमेवर निघतो. सगळ्या पडापडीत त्याची एकच धडपड असते: आपण सभ्य गृहस्थ आहोत हे दिसलं पाहिजे. घरात बघायला कुणी नसताना!

मला तिथे उजेड पडला. पडणाऱ्या माणसाला काहीतरी जपायचं असलं पाहिजे. नुसता पडला तर अपघात. पडताना टोपी सांभाळली, अब्रू सांभाळली, तर माणूस दिसतो.

मी दाजींना म्हटलं, हे पानभर स्वगत काढू या. सेटला तीन पायऱ्यांचा लेव्हल, म्हणजे चौथरा, आहेच. कारकून हातात जेवणाचा डबा घेऊन येतो, चढताना पाय चुकतो, घरंगळतो, पण डबा वर धरलेला. तो उघडून बघतो, आमटी सांडलेली नाही, समाधानाने पुन्हा चढायला लागतो. बायको, साहेब, महागाई सगळं त्यात आलं. घरी गादी टाकून सराव केला होता. हात टेकायचा नाही, मनगट जातं. हनुवटी छातीला, आणि भार मांडीच्या मांसल भागावर घ्यायचा. दाजी बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, आपण नाटक बसवतोय, सर्कस नाही. वाक्य घे, वाक्य." रंगीत तालमीला आलो तर लेव्हलच गायब.

प्रयोगात मी स्वगत म्हटलं, पण मध्येच खुर्चीवरून डब्यासकट गेलो. एकांकिकेतला सगळ्यात मोठा हशा तिथे आला. परीक्षकांनी मात्र 'अंगविक्षेप टाळावेत' असा शेरा दिला, आणि दाजी तो दर भाऊबीजेला मला ऐकवतात. ताई म्हणते, सोडा आता दोघांनी. ती ओवाळून मोकळी होते, आम्ही नाही.

आता कीटन. हा लहानपणापासून आईबापांबरोबर स्टेजवर. बाप त्याला उचलून फेकायचा, त्यासाठी कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असायची. पोरगं पडल्यावर हसलं तर प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला तेव्हाच कळलं. पुढे पडद्यावर कोरा चेहरा हीच त्याची ओळख झाली. त्याच्या 1920 च्या 'वन वीक'मध्ये नवरा-बायकोला लग्नात जोडून उभं करायचं घर मिळतं, पण बायकोचा जुना उमेदवार खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. घर वेडंवाकडं उभं राहतं, वादळात गरागरा फिरतं (फिरत्या चौथऱ्यावर खरंच बांधलं होतं), आणि शेवटी दुसरीकडे ओढून नेताना रेल्वे रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. दोघं डोळे झाकतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श. आणि दुसऱ्या दिशेने आलेली दुसरी गाडी घराचा चुराडा करून जाते. कीटन ढिगाऱ्यावर 'विकणे आहे'ची पाटी लावतो, वर जोडणीचा कागदही ठेवतो. खरेदीदाराची गैरसोय नको!

तुम्हाला हसू येत नसेल तर आधी प्रत तपासा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, साधारण सेकंदाला 16 ते 20 चौकटी (फ्रेम). बोलपटाच्या 24 ला तीच फिल्म चालवली की माणसं मुंग्यांसारखी पळतात. हजार फुटांचं रीळ 16 ने सोळा मिनिटांवर चालतं, 24 ने अकरा मिनिटांत उरकतं. विनोदाचं टायमिंग तिथेच मेलं. (विनोदवाले मुद्दाम कमी वेगाने शूट करून थोडी घाई आणायचे हे खरं, पण ते मोजूनमापून.) दुसरं, बरेचदा पूर्ण माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि शॉट मध्ये कापत नाहीत. पडला तर तोच पडला. आताच्या विनोदी सिनेमात पाय घसरतो एका शॉटमध्ये, माणूस जमिनीवर असतो दुसऱ्यात, आणि मध्ये 'टॉइंग' असा आवाज. तो मात्र दाजींना चालतो.

सगळं घाईचंच असतं असंही नाही. लॉरेल-हार्डीची 1929 ची 'बिग बिझनेस' बघा. दोघं कॅलिफोर्नियात घरोघरी ख्रिसमसचं झाड विकतात, एका घरमालकाशी बिनसतं. ते त्याचं घर फोडतात, तो त्यांची गाडी. पण एकाचं फोडून होईपर्यंत दुसरा शांत उभा राहून बघतो, मग स्वतःची पाळी घेतो. पोलीस गाडीत बसून वहीत नोंदी करतोय. इथे आपटण्यापेक्षा थांबण्यालाच हसू येतं. यात कुठलं स्वगत घालणार?

हे सगळं सोनं आहे असं माझं म्हणणं नाही. त्या काळातल्या कितीतरी फिल्म्स म्हणजे बिनकामाची पळापळ. कृष्णवर्णीयांवरचे काही विनोद आज बघवत नाहीत. आणि किंमतही मोजलीय लोकांनी: 1919 मध्ये त्याच काळातला विनोदी नट हॅरल्ड लॉइड याच्या हातात फोटोसाठी दिलेला नकली बॉम्ब खरा निघाला, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. कीटनचा घोटा सेटवरच्या सरकत्या जिन्यात मोडला. गादीशिवाय काही करून बघू नका.

सुरुवात 'वन वीक'ने करा, मग 'बिग बिझनेस'. 'वन ए. एम.' तिसरी, कारण एकच माणूस तेवढा वेळ बघायची आधी सवय हवी. तिन्ही इंटरनेटवर मिळतात, दुरुस्त केलेली प्रत शोधा. दाजींना मी लिंक पाठवल्यात. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.