व्हर्नियर हातात दिला तर?

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागासाठी मुलाखत आहे. इंग्रजी कच्चं आहे, दुसऱ्या वर्षी दोन केटी लागल्या होत्या. हातात आठ दिवस आहेत. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर : इंग्रजीची धास्ती आधी बाजूला ठेवा. या मुलाखतीत एचआरच्या शेजारी विभागाचा इंजिनिअर बसतो आणि तुम्हाला मोजता येतं का, हे त्याला बघायचं असतं. टेबलावर व्हर्नियर (सरकत्या जबड्याने बारीक माप घ्यायचं साधन) आणि एखादा जॉब, म्हणजे मोजायचा सुटा भाग, ठेवून ‘रीडिंग सांगा’ म्हणणं ही नेहमीची परीक्षा. ‘लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी’ हे मुलांना पाठ असतं, पण ‘ते आलं कुठून?’ म्हटलं की गाडी अडते. व्हर्नियरच्या सरकत्या पट्टीचे ५० भाग मुख्य पट्टीच्या ४९ मिमीत बसवलेले असतात, म्हणून एक भाग ०.९८ मिमीचा, १ मधून वजा केला की ०.०२.

मोजायला घेतल्यावर घाई करू नका. जबडे पुसा, मिटवा, शून्याला शून्य जुळतंय का ते बघा. जॉब जबड्यांच्या टोकात न धरता पट्टीच्या जवळ धरा; टोकाशी धरून दाबलं की सरकता जबडा किंचित कलतो आणि माप चुकतं. समजा व्हर्नियरचा शून्य २४ च्या पुढे गेलाय आणि १७ वी रेघ जुळतेय, म्हणजे ‘३’ आकड्यानंतरची दुसरी. तर माप २४.३४. जबडे मिटलेले असताना व्हर्नियरचा शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे असेल आणि तिसरी रेघ जुळत असेल, तर ०.०६ वजा करा : २४.२८. शून्य तपासायची ही सवय इंजिनिअरच्या लगेच डोळ्यात भरते. आठ दिवसांपैकी तीन यालाच द्या. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये विनंती करून व्हर्नियर आणि मायक्रोमीटर प्रत्यक्ष हाताळा.

उरलेल्या दिवसांत ड्रॉइंग वाचा. ड्रॉइंगवर वेगवेगळ्या बाजूंची चित्रं मांडायच्या पद्धती असतात. आपल्याकडे शिकवतात ती फर्स्ट अँगल, त्यात टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो; अमेरिकन ग्राहकांची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात. २५ ±०.०५ लिहिलं असेल तर २५.०६ चा जॉब पास की रिजेक्ट, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. (रिजेक्ट.) शिवाय बायोडेटात लिहिलेल्या प्रोजेक्टमधला प्रत्येक भाग, त्याचं मटेरियल आणि तो तसाच का केला, हे तोंडावर हवं. प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर तो दोन प्रश्नांत उघडा पडतो.

इंग्रजीत स्वतःची ओळख एका मिनिटाची तयार ठेवा आणि रोज मोठ्याने म्हणा. तांत्रिक प्रश्नाला अडलात तर ‘सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं सरळ विचारा. चुकीच्या इंग्रजीत बरोबर उत्तर वाया घालवू नका. केटी गुणपत्रिकेत दिसणारच. कोणता विषय, का राहिला, कधी सुटला, एवढंच सांगा. शिक्षकांवर ढकलू नका.

प्रश्न : मुलीला ‘पगाराची अपेक्षा किती?’ असं विचारलं तर तिने काय सांगावं? — एक पालक, नाशिक

उत्तर : फ्रेशर असेल तर आकड्याआधी तिने दोन गोष्टी विचाराव्यात : नेमणूक कंपनीच्या पे-रोलवर की कंत्राटदाराच्या, आणि सांगताय तो आकडा सीटीसी (कंपनीचा तिच्यावरचा एकूण खर्च) की हातात येणारा? मूळ वेतन १२,००० असेल तर पीएफचे तिचे १,४४० कापले जातात आणि कंपनीचे १,४४० बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेले असतात. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं तर तिथूनच परत फिरायला सांगा.

प्रश्न : कपडे आणि कागदपत्रं? — एक वाचक, लातूर

उत्तर : साधा इस्त्रीचा शर्ट, पँट आणि बंद बूट. चपला किंवा सँडल असतील तर शॉपफ्लोअरवर सोडत नाहीत. अंगठी, कडं घरी ठेवा. मूळ गुणपत्रिका क्रमाने लावा. झेरॉक्सचे दोन संच, आधार, पॅन आणि चार फोटो घ्या. एकाच कंपनीचे चाकण परिसरात दोन-तीन प्लांट असू शकतात, म्हणून गेट नंबर आणि लोकेशन आदल्या दिवशीच एचआरकडून मागवा. गेटवर पास बनवायला वेळ जातो, सकाळी रस्ता तुंबलेला असतो. दहाची वेळ असेल तर सव्वानऊला गेटवर उभे राहा.