पाच वर्षं ताब्यापासून मोजा, वास्तुशांतीपासून नव्हे

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका रो हाऊसमधून वाचकाचं पत्र आलंय. दर्शनी भिंतीच्या उघड्या विटांवर पांढरे डाग आहेत आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा उमटतात. बिल्डर म्हणतो, "लोणा (म्हणजे हेच क्षारांचे पांढरे डाग) सगळ्यांनाच येतो, दिवाळीनंतर माणसं पाठवतो." ताबा पावती 15 ऑक्टोबर 2021 ची आहे, वास्तुशांत मे 2022 मधली. बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची हमी मे 2027 पर्यंत आहे, मग दिवाळीपर्यंत थांबायला काय हरकत, असं हे वाचक विचारतात. याच अर्थाची पत्रं आडगाव, मखमलाबादहूनही येत असतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

हरकत आहे, आणि मोठी आहे. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम 14 च्या पोटकलम 3 मधली पाच वर्षं ताबा दिल्याच्या तारखेपासून धावतात. तुम्ही राहायला कधी आलात, पूजा कधी घातली, याला तिथे जागा नाही. म्हणजे मुदत येत्या ऑक्टोबरच्या मध्यावर संपते आणि दिवाळी आहे नोव्हेंबरात. बिल्डरचं "दिवाळीनंतर" नेमकं मुदतीच्या पलीकडे पडतं. तो हे मुद्दाम करतोय की सहज बोलून गेलाय, मला ठाऊक नाही. तुमचं नुकसान दोन्हीकडून सारखंच.

दुसरं, दोष मुदतीत बिल्डरच्या निदर्शनास आणला पाहिजे. तुम्ही गेली तीन वर्षं फोनवर बोललात, साईटवर भेटलात, सुपरवायझरला डाग दाखवलेत. यातलं लेखी काय आहे? तुमच्या पत्रावरून, एक ओळसुद्धा नाही. लाखो रुपयांचं घर घेणारी माणसं शंभर रुपयांचं पोस्ट का टाळतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. याच आठवड्यात पत्र लिहा: कोणती भिंत, किती भाग, डाग पहिल्यांदा कधी दिसले. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, तेच ईमेलनेही पाठवा. दुरुस्तीसाठी कायद्याने तीस दिवस दिलेत, तेही पत्रात लिहा. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही, तर भरपाईचा हक्क उभा राहतो.

आता "लोणा सगळ्यांनाच येतो" याबद्दल. नव्या बांधकामात विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. पहिल्या एक-दोन वर्षांत हे घडलं तर महारेरापुढे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणापुढे, फार ताणू नका. पण पाचव्या पावसाळ्यातही त्याच जागी, खिडकीखाली आणि जोत्यालगत डाग येत असतील, तर भिंतीत कुठून तरी पाणी शिरतंय: गच्चीच्या कठड्यावरून, सांध्यांतून, नाहीतर जोत्याच्या ओलरोधक थरातून. तो कारागिरीचा दोष ठरू शकतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरकडून पाण्याची वाट शोधणारा अहवाल घ्या, तोही पाऊस चालू असतानाच. विटांचा दर्जाही तपासता येतो. भारतीय मानक 3495 च्या तिसऱ्या भागात लोण्याची चाचणी आहे, आणि मानक 1077 प्रमाणे सर्वसाधारण भाजक्या विटेत तो 'मध्यम' पातळीच्या वर नसावा. मात्र ही चाचणी वापरात न आलेल्या विटेसाठी आहे. भिंतीतून काढलेल्या विटेवरचा निकाल महारेरापुढे कितपत टिकेल, याची खात्री मी देणार नाही.

तुम्ही मागच्या वर्षी ॲसिडने भिंत धुतली आणि वर वॉटरप्रूफ रंग दिला, हे वाचून मात्र जीव खट्टू झाला. ॲसिड सांधे खातं, क्लोराइडचे क्षार आणखी भरतात, आणि वरून बंद रंग दिल्याने ओल आत कोंडते. बिल्डरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. भिंत धुण्याआधीचे मोबाइलमधले फोटो तारखांसह शोधा. आता भिंतीला हात लावू नका.

ताबा पावतीत "कोणतीही तक्रार नाही" असं तुम्ही सही करून दिलंय. माझ्या मते, तेव्हा न दिसणाऱ्या दोषाला ते वाक्य आड येत नाही. पण संपूर्ण करार पाहिल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही.

दिवाणी कोर्टाचा विचार सोडा. रेरा कायद्याच्या कलम 79 ने ती वाट बरीचशी बंद आहे, आणि उघडी असती तरी तिथल्या तारखांत तुमची विटांची भिंत झिजून जाईल. महारेराकडे तक्रार करा. तुमच्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक करारात असेल. प्रकल्प नोंदणीतून सूट असलेला निघाला, म्हणजे जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत, तर गणित बदलू शकतं. मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. तिथली मुदत दोन वर्षांची, आणि ती कधीपासून धरायची यावरच वाद होईल.

शेजारच्या दोन घरांनाही असेच डाग आहेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांच्या ताबा पावत्यांवरची तारीख आज संध्याकाळीच विचारा. ती तुमच्या आधीची असेल, तर त्यांच्या हातात तुमच्याहून कमी दिवस आहेत.