अकरा दिवस जगलेली पिल्लं

(बेळगावच्या उद्यमबागेत टर्निंगचं जॉबवर्क करणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलाला एसएसएलसीला म्हणजे दहावीला ९१ टक्के, सेकंड पीयूसीला म्हणजे बारावीला ७८, नीटमध्ये ३१२. दोन वर्षांपासून त्याला समुद्री माशांचा नाद. क्लाऊनफिशच्या जोडीने तीनदा अंडी घातली, तिन्ही वेळा पिल्लं मेली. नीटच्या निकालानंतर वडिलांनी टाकी माशांसकट विकली. प्रश्न असा: नीट पुन्हा देण्यासाठी लाँग टर्म, म्हणजे वर्षभराचा क्लास, हुबळीला लावू की लातूरला?)

नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, पण मी अडकले ती तिसऱ्या पानावर. तुम्ही लिहिता, "टाकी विकल्यापासून तो घरात फारसं बोलत नाही, पण सांगितलं की अभ्यासाला बसतो. म्हणजे औषध लागू पडलं."

मला तसं वाटत नाही. अठरा वर्षांचा मुलगा घरात बोलायचा थांबतो आणि सांगाल ते निमूट करू लागतो, तेव्हा त्याने तुमचं ऐकलं असं समजू नका. तुम्हाला काही सांगून उपयोग नाही, एवढंच त्याने ठरवलेलं असतं. तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. ज्याने स्वतः आयटीआय करून, रात्रपाळ्या करून दोन लेथ आणि एक सीएनसी उभं केलं, त्याला मुलाने हात काळे करू नयेत असं वाटणारच. पण टाकी विकताना त्याला विचारलं नाहीत, तो क्लासला गेला असताना विकलीत, आणि हे तुम्हीच लिहिलं आहे. टिळकवाडीतल्या ज्या दंतवैद्याकडे ती टाकी गेली, त्याच रस्त्याने तो रोज क्लासला जातो, हेही तुम्हीच लिहिलं आहे. ते लिहिताना तुमचा हात थांबला नाही का?

म्हणून कॉलेजच्या आधी हे पाहा. तो नीट झोपतो का? जेवतो का? मित्रांकडे जाणं बंद झालंय का? असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, संकोच करू नका. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे कन्नडमध्ये बोलता येतं, मराठीतही. हा नंबर घरात त्याला दिसेल असा लिहून ठेवा.

आता "छंदातसुद्धा तो नापासच झाला" या तुमच्या वाक्याबद्दल. इथे तुमचा एक मोठा गैरसमज आहे, आणि तो तुम्हाला तुमच्याच धंद्याच्या भाषेत समजेल. माशाने अंडी घातली म्हणजे ब्रीडिंग झालं असं बहुतेकांना वाटतं. क्लाऊनफिशची जमलेली जोडी, पाणी आणि खाणं चांगलं असेल तर, अंडी घालतेच. नर राखण करतो, आठवडाभराने रात्रीच्या अंधारात पिल्लं बाहेर येतात. खरं काम तिथून सुरू होतं. चार-साडेचार मिलिमीटरचं ते पिल्लू समोर हलणारं, तोंडात मावेल एवढंच भक्ष्य पकडतं. तुमच्याकडे मायक्रोमीटर आहे, म्हणून मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात सांगते. अंड्यातून नुकतीच फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी जात, साधारण ४०० ते ५०० मायक्रॉनची असते. पहिल्या दिवसांत ती त्याला मोठी पडते. लागतो तो रोटिफर, पाण्यात तरंगणारा सूक्ष्म जीव, १०० ते ३०० मायक्रॉनचा. रोटिफर जगवायचा तर त्याला खायला सूक्ष्म शेवाळ लागतं आणि ते शेवाळही आपणच वाढवायचं. म्हणजे एका पिल्लासाठी तीन जिवांची शेती, आणि तिन्हींची वेळ जुळायला हवी. तुम्ही ज्याला "गच्चीवरच्या घाण हिरव्या पाण्याच्या बाटल्या" म्हणता, ती ही शेती होती.

आणि तुम्ही दिलेले आकडे बघा. पहिली पिल्लं तीन दिवस जगली. त्या वेळी त्याने उकडलेल्या अंड्याचा बलक घातला होता. दुसरी चार दिवस. आर्टेमिया घातली होती. तिसऱ्या वेळी त्याने कुठून तरी रोटिफर मिळवला आणि पिल्लं अकरा दिवस जगली. क्लाऊनफिशच्या पिल्लांवर पांढरे पट्टे उमटू लागतात ते साधारण याच सुमारास, आणि तिथून पुढे जगण्याची शक्यता बरीच वाढते. तो त्या उंबरठ्यावर पोचला होता. मग प्रॅक्टिकलचा आठवडा आला, तुम्ही गच्चीची किल्ली दोन दिवस स्वतःकडे ठेवलीत, बाटल्यांकडे कुणी पाहिलं नाही, आणि बाराव्या दिवशी सगळं संपलं. परीक्षेच्या दिवसांत तुम्ही तसं केलंत हे मी समजू शकते. पण ते त्याचं अपयश म्हणून त्याच्या नावावर लावू नका. नव्या जॉबच्या सेटिंगचे पहिले दोन पीस रिजेक्ट झाले आणि तिसरा दहा मायक्रॉनने हुकला, तर तुम्ही ऑफसेट बदलता. मशीन विकत नाही.

तो रात्री दोन-दोन तासांनी उठून वहीत काहीतरी टिपायचा अशी तक्रार आहे तुमची. त्या वहीत तापमान आहे, क्षारता आहे, किती पिल्लं मेली ते आहे, असंही पुढे लिहिलंत. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या शेकडो मुलांनी मला मार्कशीट दाखवली. अशी वही दाखवणारी मुलं मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते. ती वही रद्दीत गेली नसेल अशी आशा करते.

लाँग टर्मबद्दल थोडक्यात. त्याला स्वतःला डॉक्टर व्हायचं असेल तर एक वर्ष पुन्हा द्या. हुबळी की लातूर याने फार फरक पडत नाही. व्हायचं नसेल तर ते वर्ष आणि पैसे दोन्ही पाण्यात. वडिलांसाठी तिसऱ्यांदा नीट देणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरातली शांतता तुमच्या घरासारखीच असते. तुमच्या चार पानांत "त्याला काय हवंय" हे कुठेही नाही, म्हणून मी यावर याहून जास्त लिहीत नाही.

"बेळगावात समुद्र कुठे आहे? कोळ्यांचं काम आमचा मुलगा करणार का?" असंही विचारलंत. कोळ्यांचं काम काय सोपं आहे, साहेब? ते शिकायला दर्यात वाढावं लागतं. आणि समुद्राचं म्हणाल तर घाट उतरलं की कारवार आहे. केंद्र सरकारच्या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र तिथे आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा समुद्री जीवशास्त्राचा विभागही तिथेच, कोडीबागेत. बेळगावात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं तरी एम.एस्सी.ला तिकडे जाता येतं. मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी, बी.एफ.एस्सी., मंगळूरच्या कॉलेजात आहे, बिदरच्या विद्यापीठाखाली. प्रवेश केसीईटीवरून, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेवरून, आणि ती त्याने यंदा दिलीच आहे. रत्नागिरीतही असं कॉलेज आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सवलत मिळते, ती या पदवीला लागू होते का ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. पुढे एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी.साठी मुंबईत वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे.

हे वाचून मुलगा हरखून जाईल, म्हणून इथून पुढचं त्याच्यासाठी.

बाळा, बी.एफ.एस्सी. म्हणजे चार वर्षं रंगीत मासे नव्हेत. रोहू-कटला असतील, कोळंबीचे तलाव असतील, जाळी विणणं, मासे साफ करणं, बर्फात ठेवणं, पाण्याचे नमुने घेत चिखलात उभं राहणं, सगळं असेल. पदवीनंतर नोकऱ्या जास्त आहेत त्या कोळंबीच्या हॅचरीत, खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांत, मत्स्यखात्यात. शोभेच्या समुद्री माशांचा कोपरा लहान आहे, आणि क्लाऊनफिश आता बऱ्याच ठिकाणी पैदास होतो, त्यामुळे केवळ त्यावर घर चालेल असं मी तुला सांगणार नाही. अवघड माशांकडे गेलास तर तिथे काम पडून आहे. टँग, एंजलफिश या समुद्री माशांची अंडी तरंगती असतात, साधारण दिवसभरात फुटतात, आणि बाहेर येणाऱ्या पिल्लाला तोंडही उघडलेलं नसतं. जवळचा पिवळा बलक दोन-तीन दिवसांत संपतो. तोवर तोंड उघडलं तरी त्यात रोटिफर मावत नाही. लागतात कोपेपॉडची, म्हणजे पाण्यातल्या अगदी बारीक कवचधारी जिवांची, नुकती जन्मलेली पिल्लं, १०० मायक्रॉनपेक्षाही लहान, आणि कोपेपॉड रोटिफरसारखे दाटीवाटीने वाढत नाहीत. हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटमध्ये लोकांनी अनेक वर्षं घालवली तेव्हा २०१५ मध्ये पिवळा टँग बंदिस्त जागेत वाढला. पुढच्या वर्षी फ्लोरिडा विद्यापीठात निळा टँग. ती पिल्लंही जवळपास दोन महिने तरंगत राहतात, आणि त्यातला कुठलाही दिवस शेवटचा ठरू शकतो. तुझे अकरा दिवस आठव, मग दोन महिने म्हणजे काय ते तुला कुणी सांगायला नको. अशा कामात पगार बऱ्याच उशिरा येतो. घरी हे स्पष्ट सांग, लपवू नकोस.

आणखी एक. वडिलांनी लिहिलंय की तू कुणाकडून तरी समुद्री घोडे आणणार होतास. आणू नकोस. समुद्री घोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरी ठेवणं गुन्हा आहे, मग देणारा कितीही ओळखीचा असो. ज्याला पुढे संशोधन करायचंय त्याने असल्या वाटेला जायचंच नाही.

पुन्हा तुम्हाला. दंतवैद्यांकडून टाकी परत आणा असं मी म्हणत नाही. ते तुमच्या दोघांत ठरू द्या. पण ती जोडी तिथे नुसती शोभेला असेल, तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा अंडी घालेल, आणि पिल्लं निघतील त्या रात्रीच फिल्टरमध्ये जातील. मुलाला हे ठाऊक आहे. आज रात्री तुम्ही त्याला एवढंच विचारा: "तिसऱ्या वेळी रोटिफर कुठून आणला होतास?" उत्तर लगेच येणार नाही. आलं तर मध्ये बोलू नका, नीटचा विषय काढू नका, समजलं नाही तर पुन्हा विचारा.

सीईटीच्या ऑप्शन एंट्रीची, म्हणजे पसंतीची कॉलेजं भरण्याची, तारीख जवळ येते आहे, त्यामुळे फार दिवस लावू नका. शनिवारी दुपारी तीननंतर मी बसते. त्याला घेऊन या, येताना वही आणा. पहिला अर्धा तास तुम्ही बाहेर बसायचं. नंतर तुम्हाला आत बोलावते.